बिनपगारी मास्तर

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन भरले होते, हे वाचकांना आठवत असेल. १६ तारखेला तिथे मतदान झाले आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट खेळले जाणार हे नक्की झाले. दुसऱ्या दिवशी आमच्या वस्तीतल्या वाचनालयात वर्तमानपत्रावर पोरांची झुंबड उडाली. जो तो क्रिकेटवर बोलत होता. पण त्याच बातमीत खाली आणखी चार खेळांची नावे होती. त्यातले एक नाव लॅक्रॉस.

आमच्याकडे एक मुलगा आहे, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्या लहान पोरांना कबड्डी शिकवतो. त्याच्या आईचे म्हणणे, "शिकवतो ते चांगलंच आहे, पण एक कप चहा तरी कोणी पाजतं का त्याला?" त्या मुलाने आम्हाला विचारले, "काका, हा लॅक्रॉस काय प्रकार आहे?" आम्ही प्रामाणिकपणे सांगितले की आम्हालाही ठाऊक नाही, पण वाचून सांगतो.

वाचायला बसलो ते खेळासाठी, आणि अडकलो तो खेळ शिकवणाऱ्यांच्या नोकरीत. वाचकहो, आमचा पेशाच कारकुनाचा. मैदानावर कोणी किती गोल केले यापेक्षा हजेरीपटावर कोणाचे नाव आहे आणि पगारपत्रकावर कोणाचे नाही, इकडे आमची नजर आधी जाते. त्यात जे दिसले ते आज सांगावेसे वाटते.

आधी खेळ थोडक्यात. प्रत्येकाच्या हातात काठी, काठीच्या टोकाला जाळीची झोळी. त्या झोळीत रबरी चेंडू झेलायचा, झोळीतूनच फेकायचा आणि समोरच्या जाळ्यात गोल करायचा. एका बाजूला दहा जण : एक गोलरक्षक, तीन बचावाचे, तीन मधल्या फळीचे, तीन हल्ल्याचे. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव. डोक्याला हेल्मेट आणि हाताला जाड मोजे, कारण काठ्यांचा प्रसाद एकमेकांना भरपूर मिळतो.

हा खेळ गोऱ्यांनी शोधलेला नाही. अमेरिका आणि कॅनडाच्या सरहद्दीवर राहणारे जे मूळ रहिवासी, ज्यांना बाहेरचे लोक इरोक्वाय म्हणतात आणि जे स्वतःला हौदेनोसौनी म्हणवतात, त्यांच्याकडे तो शतकानुशतके खेळला जात होता. त्यांच्या दृष्टीने तो नुसता खेळ नाही, निर्मात्याने दिलेली देणगी आहे. लॅक्रॉस हे नाव फ्रेंचांनी दिले. १८६७ साली माँट्रियलच्या एका दंतवैद्याने, विल्यम जॉर्ज बिअर्स याने, त्याचे नियम लिहून काढले आणि खेळ क्लबांच्या ताब्यात गेला. पुढे १८८० मध्ये कॅनडातल्या राष्ट्रीय स्पर्धेतून या मूळ लोकांनाच बाहेर काढण्यात आले. कारण काय, तर ते खेळण्याचे पैसे घेतात. पैसे घेईल तो धंदेवाईक, आणि फुकट खेळेल तो सभ्य गृहस्थ! ज्याच्या घरी चूल पेटायला रोजच्या मजुरीची गरज नाही त्यालाच हा सभ्यपणा परवडतो, हे त्या काळच्या क्लबवाल्यांना कळत नव्हते असे आम्हाला वाटत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

आज अमेरिकेत हा खेळ मुख्यतः कॉलेजांचा आहे. तिथल्या कॉलेजांच्या खेळांवर एन.सी.ए.ए. नावाच्या संस्थेचा कारभार चालतो. तिच्या वरच्या गटात पुरुषांचे लॅक्रॉस संघ असलेली सत्तरहून अधिक विद्यापीठे आहेत. १९७१ पासून राष्ट्रीय अजिंक्यपद खेळले जाते. पहिल्या वर्षी कॉर्नेल विद्यापीठाने मेरीलँडला १२–६ असे हरवले. हंगाम फेब्रुवारी ते मे, आणि मेच्या शेवटच्या सोमवारी अंतिम सामना. (आपल्या वाचकांच्या मनात येईल म्हणून सांगतो : बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले ते आणि कॉर्नेल, प्रिन्स्टन, येल हे सगळे एकाच आठ विद्यापीठांच्या गटातले. पण त्या आठांपैकी एकट्या कोलंबियाचा पुरुषांचा अधिकृत लॅक्रॉस संघ नाही.)

आपल्याकडे कॉलेजचा संघ म्हटला की एक क्रीडाशिक्षक आणि त्याच्या गळ्यात एक शिट्टी. तिकडे एका संघाला मुख्य प्रशिक्षक, त्याच्या हाताखाली सहायक, शिवाय डॉक्टर, व्यायाम घेणारा, सामानसुमान बघणारा असा सगळा लवाजमा असतो. मुख्य प्रशिक्षकाचे नाव वर्तमानपत्रात येते. सहायकाचे नाव बहुतेक वेळा शेवटच्या ओळीतही येत नाही.

हा सहायक करतो तरी काय? दोन सहायक असले तर एकाकडे हल्ला, दुसऱ्याकडे बचाव. शनिवारी सामना असला की रविवारपासून पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या जुन्या सामन्यांची चित्रफीत बघणे सुरू. कोणता खेळाडू डाव्या हाताने मारतो, कोण दमला की काठी खाली टाकतो, चेंडू मध्यभागी ठेवून दोघे झटापट करतात तेव्हा कोण कोणत्या बाजूला झुकतो, हे टिपून काढायचे आणि आपल्या पोरांच्या डोक्यात भरायचे. पोरांच्या परीक्षा, अभ्यास, दुखापती, घरच्या भानगडी यांवरही लक्ष ठेवायचे. मुख्य प्रशिक्षकाशी जे बोलायची पोरांना भीती वाटते ते सहायकाच्या कानावर येते.

हंगाम संपला म्हणजे सुटले असेही नाही. जून-जुलैत शाळकरी मुलांच्या स्पर्धा भरतात. तिथे उन्हात उभे राहून पुढच्या वर्षांसाठी खेळाडू हेरायचे. हे काम मुख्यतः सहायकाच्या अंगावर पडते. एके काळी तर आठवी-नववीतल्या पोरांकडून तोंडी होकार घेण्यापर्यंत मजल गेली होती. शेवटी २०१७ मध्ये नियम झाला की मुलगा अकरावीला पोचून १ सप्टेंबर उजाडेपर्यंत कॉलेजच्या प्रशिक्षकाने त्याच्याशी संपर्क साधायचा नाही. त्यामुळे पोरांचे बालपण थोडे वाचले. सहायकाला मात्र १ सप्टेंबर हा मोठा कामाचा दिवस झाला.

आणि नोकरीचा भरवसा? तो मुख्य प्रशिक्षकाच्या नशिबाला बांधलेला. वरचा गेला की नवा माणूस आपली माणसे घेऊन येतो, मग जुन्यांनी बिऱ्हाड उचलायचे. बायकोची नोकरी, मुलांची शाळा सगळे मागे टाकून दुसऱ्या राज्यात. बदलीच्या नोकरीत ज्यांचा जन्म गेला त्या आमच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. फरक इतकाच की बदलीच्या नोकरीत निदान पुढचे ठिकाण कागदावर लिहून मिळते.

तरीही तरुण मुले या वाटेने का जातात? कारण वर जाणारी शिडी खरोखर आहे. ती दिसावी म्हणून एकट्या कॉर्नेलचा हिशेब मांडतो, तो आम्हाला फार बोलका वाटला.

डेव्ह पिएट्रामाला हे कॉर्नेलचे मुख्य प्रशिक्षक होते. २००० च्या हंगामानंतर ते आपल्या जुन्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मुख्य म्हणून गेले. त्यांच्या जागी आला त्यांचाच सहायक, जेफ टॅम्ब्रोनी. टॅम्ब्रोनी दहा वर्षे राहिले आणि २०१० मध्ये पेन स्टेटला गेले. त्यांच्या खुर्चीवर त्यांचा सहायक, बेन डेलुका. २०१३ मध्ये डेलुका यांचे पद गेले. मग त्यांच्या हाताखालचे मॅट केर्विक, आधी हंगामी आणि मग कायम. केर्विक गेल्यावर २०१८ च्या हंगामाला पुन्हा हाताखालचाच माणूस, पीटर मिलिमन, आणि तेही आधी हंगामीच.

२०२० च्या एप्रिलमध्ये, महामारीने मैदाने बंद पडलेली असताना, जॉन्स हॉपकिन्सने वीस हंगामांनंतर पिएट्रामाला यांच्याशी फारकत घेतली आणि त्या जागी कॉर्नेलच्या मिलिमन यांना नेले. म्हणजे वीस वर्षांपूर्वी ज्या खुर्चीवरून पिएट्रामाला हॉपकिन्सला गेले होते, त्याच खुर्चीवरून आलेल्या माणसाने त्यांची जागा घेतली. इकडे कॉर्नेलची खुर्ची पुन्हा रिकामी. तीवर बसवले मिलिमन यांचा सहायक कॉनर ब्यूझेक याला. २०१५ साली पदवी घेतलेला कॉर्नेलचाच खेळाडू, वयाने तिशीच्या आतला, आणि रिवाजाप्रमाणे प्रथम हंगामी. त्याच्या पहिल्या वर्षी, २०२१ मध्ये, त्या आठ विद्यापीठांनी महामारीमुळे हंगामच रद्द केला. नवरदेव मांडवात आणि लग्नच पुढे ढकललेले, अशी गत. पुढच्याच वर्षी कॉर्नेल अंतिम सामन्यात पोचले आणि मेरीलँडकडून ९–७ ने हरले. २०२५ च्या मेमध्ये त्याच मेरीलँडला १३–१० ने हरवून कॉर्नेलने अजिंक्यपद जिंकले. १९७७ नंतर प्रथमच, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांनी.

पाच वेळा लागोपाठ दुसऱ्या खुर्चीवरचा माणूस पहिल्या खुर्चीवर गेला. जाहिरात देऊन बाहेरून मोठे नाव आणण्यापेक्षा आपल्याकडे काम केलेल्या माणसावर विश्वास टाकायचा, ही त्या कॉलेजची रीत आम्हाला आवडली.

त्या सामन्यात समोरच्या बाकावर, मेरीलँडचे मुख्य म्हणून, जॉन टिलमन होते. त्यांनीही दुसऱ्या खुर्चीवर काही थोडे दिवस काढलेले नाहीत. नौदलाच्या अकादमीत ते बारा वर्षे सहायक होते. २००४ मध्ये त्या संघाने अंतिम सामना गाठला आणि सिराक्युजकडून १४–१३ असा एका गोलाने गमावला. त्या सिराक्युजचे मुख्य होते जॉन डेस्को. डेस्को यांची कथा याहून लांब. ते एकोणीस वर्षे सहायक होते. सिराक्युजमध्ये १९३१ पासून मुख्य प्रशिक्षक होते रॉय सिमन्स. १९७० नंतर ती जागा त्यांच्या मुलाकडे आली, त्यांचेही नाव रॉय सिमन्स, आणि ती त्यांनी १९९८ पर्यंत सांभाळली. बाप आणि लेक मिळून अडुसष्ट वर्षे! वतनदारीच म्हणायची. मुलगा कर्तबगार होता, त्याने अजिंक्यपदे जिंकली, हे खरे आहे. पण खुर्ची घरात होती हेही खरे. डेस्को त्या घरातले नव्हते. ते थांबले, आणि १९९९ च्या हंगामात मुख्य झाल्यावर त्यांनी पाच अजिंक्यपदे मिळवून दिली.

सगळ्यांचेच असे होत नाही. प्रिन्स्टनमध्ये बिल टिअर्नी यांनी १९९२ ते २००१ या काळात सहा अजिंक्यपदे जिंकली. त्यांच्या शेजारी उभे राहून हल्ल्याची बाजू सांभाळणारा सहायक होता डेव्हिड मेट्झबोअर. २००९ मध्ये टिअर्नी डेन्व्हरला निघून गेले. प्रिन्स्टनने मुख्य म्हणून ड्रेक्सेल विद्यापीठातून ख्रिस बेट्स यांना आणले. सहा अजिंक्यपदांत वाटा असलेला माणूस त्या खुर्चीवर बसला नाही. उलट त्याच टिअर्नींच्या हाताखाली डेन्व्हरमध्ये मॅट ब्राऊन हे अनेक वर्षे सहायक राहिले, आणि २०२३ मध्ये टिअर्नी निवृत्त झाल्यावर खुर्ची त्यांना मिळाली. एकाच मुख्याचे दोन सहायक आणि दोन वेगळी नशिबे.

एक गोष्ट आम्हाला विशेष वाटली. हॉपकिन्समध्ये दोन अजिंक्यपदे जिंकून दिलेले, वीस हंगाम मुख्य राहिलेले पिएट्रामाला पद गेल्यावर घरी बसले नाहीत. ते नॉर्थ कॅरोलिनात बचावाचे सहायक म्हणून कामाला लागले आणि २०२१ मध्ये सिराक्युजला गेले, तिथेही सहायक म्हणूनच. आपल्याकडे एकदा अध्यक्ष झालेला माणूस पुन्हा साधा सभासद व्हायला तयार नसतो. मंडळ फोडील, पण सतरंजी उचलणार नाही. कार्यकर्त्यांनी रागावू नये, आम्हीही त्यातलेच.

आता शिडीच्या अगदी खालच्या पायरीकडे येऊ. आम्ही हा लेख लिहायला घेतला तो तिच्यासाठी.

अनेक वर्षे नियम असा होता की पुरुषांच्या लॅक्रॉस संघाला एक मुख्य आणि दोन सहायक एवढेच पगारी प्रशिक्षक ठेवता येतील. चौथा ठेवायचा तर तो स्वयंसेवक. नाव मोठे गोड. आम्ही चळवळीतली माणसे, स्वयंसेवक हा शब्द आम्हाला प्रिय आहे. पण नियम नीट वाचला तेव्हा पोटात गोळा आला. या चौथ्याला क्रीडा विभागाने पगार द्यायचा नाही, मानधन द्यायचे नाही. घरच्या मैदानावरच्या सामन्याची फार तर दोन फुकट तिकिटे. कॉलेजबाहेर जाऊन खेळाडू हेरायला त्याला परवानगी नाही, म्हणजे वरच्या नोकरीसाठी लागणारा महत्त्वाचा अनुभवही नाही. बाकी सराव, चित्रफिती, गोलरक्षकाची तयारी, लांबचे बसचे प्रवास, सगळे इतरांच्या बरोबरीने.

कोणी म्हणेल, कॉलेजकडे पैसे नसतील. तसे नव्हते. ज्याच्याकडे पैसे होते आणि द्यायची इच्छा होती, त्या कॉलेजलाही द्यायला बंदी होती. सगळ्या कॉलेजांनी एका संस्थेच्या छत्राखाली बसून आपसात ठरवून टाकले होते की या माणसाची किंमत शून्य.

मग तो जगायचा कसा? उन्हाळ्यात शाळकरी मुलांची शिबिरे होतात, त्यात शिकवून काही मिळायचे. खाजगी शिकवण्या, क्लबचे संघ, कुठे दुसरी नोकरी. आणि ज्याला जमेल त्याचे घर. 'ज्याला जमेल' या दोन शब्दांत सगळे आले. पदवी हातात असताना दोन-तीन वर्षे बिनपगारी काढायची असतील तर मागे बापाचा आधार लागतो. ज्याच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज आहे, ज्याला दर महिन्याला घरी पैसे पाठवायचे आहेत, तो कितीही हुशार असला तरी ही पहिली पायरीच चढू शकत नाही. आणि पहिली पायरी चुकली की पाच वेळा लागोपाठ वर गेलेल्यांच्या रांगेत तो कुठून येणार?

बरे, त्या पायरीशी पोचणारी मुले तरी कुठल्या घरची? प्रशिक्षक होतो तो आधी खेळाडू असतो. वरच्या गटात पुरुष लॅक्रॉस संघाला सगळ्या मिळून १२.६ शिष्यवृत्त्या देता येत. संघात पोरे धरा पंचेचाळीस. आम्ही भागाकार केला : प्रत्येकाच्या वाट्याला पाव शिष्यवृत्तीहून जराशी जास्त. आणि कॉर्नेल-प्रिन्स्टनच्या गटात खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत, गरज बघून मदत देतात. २०२५ मध्ये न्यायालयातल्या एका तडजोडीनंतर, जी कॉलेजे तिच्यात सामील झाली त्यांच्यासाठी १२.६ चा आकडा गेला आणि त्याऐवजी संघात ४८ च्या वर खेळाडू नकोत अशी मर्यादा आली. पण आज जे सहायक आहेत ते १२.६ च्या काळात खेळलेले.

काळ्या मुलांनी हा खेळ खेळलाच नाही असे कोणी समजू नये. सिराक्युजचा जिम ब्राऊन, जो पुढे अमेरिकन फुटबॉलमध्ये गाजला, तो १९५७ मध्ये लॅक्रॉसच्या सर्वोत्तम खेळाडूंत गणला गेला. १९७० मध्ये बाल्टिमोरच्या मॉर्गन स्टेट या काळ्यांच्या विद्यापीठाने संघ उभा केला, आणि १९७५ मध्ये नावाजलेल्या वॉशिंग्टन अँड ली संघाला त्याच्याच मैदानावर हरवले. १९८१ मध्ये तो संघ बंद पडला. काळ्यांच्या दुसऱ्या एका विद्यापीठाचा, हॅम्प्टनचा, संघ वरच्या गटात आला तो २०१६ मध्ये. मधली पस्तीस वर्षे. संघच नाही तर तिथून खेळाडू नाहीत, खेळाडू नाहीत तर सहायक नाहीत, सहायक नाहीत तर मुख्य कुठून? आणि मग कोणीतरी म्हणतोच की लायक माणसे मिळत नाहीत. हे वाक्य आम्ही आमच्या ऑफिसातही ऐकले आहे.

आता हा शून्याचा नियम मोडला कसा ते ऐका. कोणाला दया आली म्हणून नाही.

१९९१ च्या सुमारास एन.सी.ए.ए.ने बास्केटबॉल आणि इतर काही खेळांतल्या खालच्या प्रशिक्षकांसाठी नियम केला होता की त्यांना वर्षाला १६ हजार डॉलरच्या वर द्यायचे नाहीत. १२ हजार शैक्षणिक वर्षाचे, ४ हजार उन्हाळ्याचे. महिन्याला सव्वातेराशेच्या आसपास. अमेरिकेत त्या पैशात संसार होत नाही. हे प्रशिक्षक कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे साधे होते : सगळ्या मालकांनी संगनमत करून मजुरी ठरवणे हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे. संस्थेने सांगितले की खर्च कमी राहावा आणि नवशिक्यांना जागा मिळावी म्हणून हा नियम आहे. कोर्टाने ते मानले नाही. त्या जागांवर अनुभवी माणसेही कमी पैशात राबत होती. १९९५ मध्ये कन्सासच्या कोर्टाने नियम बेकायदा ठरवला आणि १९९८ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल कायम केला. त्याच वर्षी ज्युरीने नुकसान सुमारे २ कोटी २३ लाख डॉलर धरले. त्या कायद्यात नुकसानभरपाई तिप्पट करून देतात, म्हणजे जवळजवळ ६ कोटी ७० लाख. शेवटी १९९९ मध्ये ५ कोटी ४५ लाखांवर तडजोड झाली. तिप्पट करण्याची ही तरतूद वाचून आमच्यासारख्या हिशेबनिसाला किती बरे वाटले ते सांगत नाही.

पण गंमत पाहा. १६ हजारांची मर्यादा गेली आणि शून्याची मर्यादा मात्र लॅक्रॉससारख्या खेळांत पुढे चालूच राहिली. सोळा हजार देणे बेकायदा, मग काहीच न देणे कायदेशीर कसे, हा प्रश्न कोर्टात नेटाने विचारला जायला आणखी वीसहून अधिक वर्षे गेली. २०२२ च्या शेवटी बेसबॉलच्या स्वयंसेवक प्रशिक्षकांनी दावा लावला. २०२३ च्या मार्चमध्ये बाकीच्या खेळांतल्या स्वयंसेवकांनी. या दोन दाव्यांच्या मध्ये, जानेवारी २०२३ मध्ये, एन.सी.ए.ए.ने स्वतःच ठराव केला की १ जुलै २०२३ पासून स्वयंसेवक प्रशिक्षक हा प्रकार बंद. लॅक्रॉसचा चौथा माणूस आता पगार घेऊ शकतो आणि बाहेर जाऊन खेळाडूही हेरू शकतो. मागच्या वर्षांच्या फुकट घेतलेल्या कामाचा हिशेब राहिला होता. बेसबॉलवाल्यांची तडजोड ४ कोटी ९० लाख डॉलरवर झाली. इतर खेळांतल्या हजारो प्रशिक्षकांसाठी, ज्यांत लॅक्रॉसचेही आले, नोव्हेंबर २०२५ मध्ये ३० कोटी ३० लाख डॉलर द्यायची तयारी संस्थेने दाखवली.

यात एक मेख आहे आणि ती लपवणे बरोबर नाही. बंदी उठली, याचा अर्थ पगार बांधून मिळाला असा नाही. चौथ्याला किती द्यायचे हे ज्या त्या कॉलेजने ठरवायचे. श्रीमंत कॉलेज पूर्ण पगार देईल, लहान कॉलेज थोडक्यात भागवील, कोणी जागाच भरणार नाही. आणि ज्याने २०१० साली दोन वर्षे फुकट काम केले, पैसे संपले म्हणून हा मार्ग सोडला आणि आज कुठे विम्याच्या कंपनीत टेबलाशी बसला आहे, तो या तडजोडीत बसत नाही. फार मागची वर्षे धरलेली नाहीत. त्याची ती दोन वर्षे कोणत्याच खात्यावर जमा झाली नाहीत.

हे सगळे आम्ही त्या रविवारी वाचनालयाच्या ओट्यावर बसून त्या मुलाला सांगितले. खेळाचे नियम त्याने पटकन समजून घेतले. कॉर्नेलची गोष्ट सांगताना त्याचे डोळे चमकले. चौथ्या माणसाची गोष्ट आली तेव्हा मात्र तो काही बोलला नाही. मग त्याने खिशातून पेन काढले आणि वर्तमानपत्राच्या कडेला सोळा हजारांना बाराने भागून पाहिले. आमचा भागाकार बरोबर होता.

"काका, मग आता त्या चौथ्याला किती मिळतात?"

आम्ही म्हटले, "ज्याच्या त्याच्या कॉलेजवर आहे."

"म्हणजे विचारून घ्यायचं."

"पहिल्याच दिवशी."

तेवढ्यात मैदानावरून पोरांची हाक आली. रेषा पुसट झाल्या होत्या, फक्की मारायची होती. तो पेन खिशात ठेवून उठला. फक्कीची पिशवी कोणाच्या पैशाने आणली, असे आम्ही त्याला विचारले. तो हसला आणि गेला.